आबांच्या पेटीतला जपानी झेंडा: ठेवावा की परत द्यावा?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडी लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव पारोळे तालुक्यात. गावचं घर धाब्याचं. गेल्या पावसाळ्यात मधली तुळई खचली, म्हणून यंदा धाबं उतरवायला घेतलं. सामान बाहेर काढताना आबांची लष्करातली लोखंडी पेटी निघाली. आबा म्हणजे माझे आजोबा. १९४१ साली, एकोणिसाव्या वर्षी ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. चौथ्या पलटणीत होते. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला जी लढाई झाली तिथे ही पलटण होती. हे आम्हाला कागदांवरून कळलं, आबांच्या तोंडून नाही. १९४६ ला ते घरी आले, पुढे पन्नास वर्षं कपाशी आणि भुईमूग केला आणि १९९६ ला गेले. लढाईचं विचारलं की बैलांना वैरण टाकायला उठायचे.

पेटीत त्यांचे नोकरीचे कागद, बर्मा स्टार हे पदक, एक पिचलेला मग, आणि तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला हा झेंडा. फडक्यात कडुनिंबाचा पाला होता, पार चुरा झालेला.

झेंडा रेशमी आहे, पंचापेक्षा थोडा लहान. मधोमध लाल गोळा, आता विटकरी पडलाय. गोळ्याभोवती काळ्या शाईची उभी अक्षरं, सूर्याचे किरण काढतात तशी बाहेर पसरत गेलेली. कुठे जाड, कुठे बारीक, प्रत्येकाचं वळण वेगळं. एका कडेच्या दोन कोपऱ्यांना चामड्याचे तिकोनी तुकडे शिवलेत, त्यातून बारीक दोरी ओवलेली. खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी डाग. तो कशाचा ते विचारावं लागत नाही.

घड्या पडल्या तिथे रेशीम विरलंय. पण एका जागी विरलेल्या भागाला मागून मलमलीचा तुकडा लावून पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घातलाय. अगदी जवळ जवळ, तांदळाच्या दाण्याएवढे टाके. हा हात आमच्या आजीचा, जिजीचा. तिच्या गोधड्या आम्ही अजून पांघरतो, तो टाका मी अंधारातही बोटांनी ओळखेन. माझ्या आजीने शत्रूचा झेंडा रफू केला होता, आणि घरात कोणाला याचा पत्ता नव्हता.

माझे वडील, अण्णा, म्हणतात की आबांनी जीव धोक्यात घालून आणलेली वस्तू आहे, घरातच राहील. भाऊ म्हणतो संग्रहालयाला देऊन टाकू. मला वाटतं ज्याचा आहे त्याच्या घरी जावा. पण असं कोणी परत करतं का? कोणाला करायचं? आणि करणं बरोबर आहे का? तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा.

कपाशीचं_बोंड (धरणगाव)

ताई, फोटो इथे टाकू नका अजून. त्यावर नावं असतील. ज्यांची आहेत त्यांच्या घरच्यांनी तो आधी बघायला हवा. आणि झेंडा इस्त्री किंवा धुणं अजिबात करू नका.

जुनामास्तर (धुळे)

ताई, तुमच्याकडे आहे त्याला जपानीत ‘योसेगाकी हिनोमारु’ म्हणतात. हिनोमारु म्हणजे सूर्यगोलाचा झेंडा आणि योसेगाकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेलं. पोरगा लढाईवर निघाला की घरचे, शेजारी, शाळेतले गुरुजी, कारखान्यातले सोबती एका झेंड्यावर सह्या करून द्यायचे. वरच्या अंगाला चार मोठी अक्षरं दिसत असतील तर ती बहुधा ‘बुउन च्योक्यू’ असतील. तुझं युद्धातलं नशीब टिकून राहो, असा आशीर्वाद. हा झेंडा पलटणीचा नव्हे, सरकारचाही नव्हे. पोरगा तो घडी करून अंगावर बाळगायचा. म्हणून त्यावर डाग असतात.

अशीच दुसरी वस्तू ‘सेन्निनबारी’. कापडाचा पट्टा, त्यावर हजार टाके, आणि प्रत्येक टाका वेगळ्या बाईचा. आई किंवा बायको रस्त्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना एकेक टाका घालायला सांगायची. पोरगा तो पट्टा पोटाला बांधून जायचा.

आता परत करण्याचं. अमेरिकेत ऑरेगन राज्यात अस्टोरिया नावाचं गाव आहे, तिथे ‘ओबोन सोसायटी’ नावाची संस्था हेच काम करते. २००९ पासून. अमेरिकन नवरा आणि जपानी बायको, दोघांनी सुरू केली. त्या बाईंचे आजोबा ब्रह्मदेशात गेले ते परत आलेच नाहीत. २००७ साली त्यांचा झेंडा एका परक्या माणसाकडून घरी आला. घरात त्यांचं तेवढंच आलं. त्यावरून या दोघांच्या मनात हे काम आलं. अशा शेकडो झेंड्यांवरची नावं वाचून, गाव शोधून त्यांनी ते घरोघर पोचवलेत.

जपानबाहेर मेलेल्या जपानी सैनिकांची संख्या सुमारे २४ लाख धरतात. त्यातल्या ११ लाखांहून जास्त जणांच्या अस्थी आजही मायदेशी आलेल्या नाहीत. कित्येक घरांत सरकारकडून एक लाकडी पेटी आली आणि उघडली तर आत दगड किंवा वाळू. त्या घरात असा झेंडा गेला तर तो झेंडा म्हणून जात नाही, माणूस म्हणूनच घेतात.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये ९३ वर्षांचे एक अमेरिकी माजी सैनिक झेंडा घेऊन स्वतः जपानमधल्या एका डोंगराळ खेड्यात गेले. सायपान बेटावर १९४४ साली त्यांनी तो एका मेलेल्या जपानी सैनिकाच्या अंगावरून काढला होता आणि तेव्हाच मनात म्हटलं होतं की कधीतरी हा परत देईन. मेलेल्याचा धाकटा भाऊ तेव्हा जिवंत होता, नव्वदीला टेकलेला. त्याने झेंड्यात तोंड खुपसून त्याचा वास घेतला. मी ते चित्रीकरण पाहिलं तेव्हा उठून अंगणात गेलो.

आणि एक. ओबोन हा जपान्यांचा पितरांचा सण. ऑगस्टच्या मध्यावर पितर घरी येतात असं मानतात. आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवा.

सातमाळा (चाळीसगाव)

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो. कोणाचं मन दुखावलं तर माफ करा.

माझे चुलत आजोबा १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागले. शेवटची चिठ्ठी त्याआधीची. नंतर काही नाही. ना पेटी, ना पदक, ना कोणाचा निरोप. माझ्या चुलत आजीने कुंकू पुसायला नकार दिला आणि १९८० पर्यंत लावत राहिली. तिचं आम्हाला कोण काय परत देणार आहे? अंदमानात होम्फ्रेगंजला ३० जानेवारी १९४४ ला ४४ भारतीयांना जपान्यांनी हेर ठरवून गोळ्या घातल्या. त्यांच्या घरी कोण झेंडा घेऊन गेलं?

लढाईत जिंकलेली वस्तू जिंकणाऱ्याची असते. आपण चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेल्या घंटा अभिमानाने देवळांत टांगल्यात. नाशिकला गोदेकाठी नारोशंकराची घंटा आहे, भीमाशंकरला आहे. त्या पोर्तुगालला परत द्यायच्या का? तुमच्या आबांनी तो झेंडा बाजारात विकत घेतला नव्हता.

जुनामास्तर (धुळे)

सातमाळा, तुम्ही रागाने लिहिलंय, पण त्यामागे एक घर आहे. त्याला मी उत्तर देणार नाही, द्यायची माझी लायकी नाही. फक्त एक सांगतो. सिंगापूरला क्रांजी इथे युद्धस्मारक आहे. ज्यांचं प्रेत सापडलं नाही अशा २४,००० हून जास्त जणांची नावं तिथल्या भिंतींवर कोरलीत. त्यात भारतीय पुष्कळ आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पलटण घालून शोधता येतं. तुमच्या चुलत आजोबांचं नाव आणि पलटण मला निरोपातून कळवा, आपण दोघं मिळून शोधू.

घंटांचं म्हणाल, तर बालांगिगाची गोष्ट ऐका. फिलिपिन्समध्ये सामार बेटावर बालांगिगा नावाचं गाव आहे. २८ सप्टेंबर १९०१ ला गावकऱ्यांनी तिथल्या अमेरिकी तुकडीवर हल्ला केला, ४८ सैनिक मेले. त्याचा सूड म्हणून अमेरिकी सेनापतीने अख्खं बेट उजाड करायचा हुकूम काढला. दहा वर्षांवरचा कोणी सोडू नका म्हणाला. आणि गावच्या चर्चच्या तीन घंटा उचलून नेल्या. दोन गेल्या वायोमिंगला, हवाई दलाच्या तळावर. तिसरी एका पायदळ पलटणीबरोबर फिरत शेवटी दक्षिण कोरियात.

फिलिपिन्सने त्या किती वर्षं मागितल्या. अमेरिकेतले माजी सैनिक तुमच्यासारखंच म्हणायचे, आमच्या पोरांच्या रक्ताची किंमत आहे ती. शेवटी ११ डिसेंबर २०१८ ला तिन्ही घंटा विमानाने मनिलाला उतरल्या आणि चार दिवसांनी गावात पोचल्या. ११७ वर्षांनी. वायोमिंगला असताना त्या शौर्याची खूण होत्या. गावी गेल्यावर पुन्हा चर्चच्या घंटा झाल्या, प्रार्थनेला वाजू लागल्या. घंटा त्याच, धातू तोच.

नारोशंकराची घंटा परत द्यावी असं मी म्हणत नाही, ती मागायला कोणी आलेलंही नाही. पण झेंड्याचं तसं नाही. त्यावर सही केलेल्यांची नातवंडं आज चाळिशी-पन्नाशीत असतील.

वरणगावकर (वरणगाव)

घंटेचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

मी ३४ वर्षं वरणगावच्या आयुध निर्माणीत काढली. काडतुसं. पितळेच्या जाड टिकलीची आधी वाटी होते, मग ती प्रेसखाली ओढत ओढत लांब करत नेतात, मधे मधे भट्टीत तापवून नरम करतात. शेवटी बोटाएवढी पुंगळी हातात येते. किती लाख पुंगळ्या हातांखालून गेल्या, देव जाणे. देशाचं काम म्हणून केलं आणि त्याची मला लाज नाही, हे आधीच सांगतो.

पण धातूवाल्या माणसाला एक गोष्ट दिसते. आमचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. ते लवचीक असतं, ओढलं तर तुटत नाही, पण वाजत नाही. घंटेला कासं लागतं, तांब्यात पाचवा हिस्सा कथील. पाय चोळायची काशाची वाटी ताटलीवर आपटून बघा, कळेल. तोफा जुन्या काळी काशाच्याच, फक्त कथील कमी. म्हणून लढाई आली की घंटा वितळवून तोफा करायच्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने युरोपभरातून सुमारे पावणेदोन लाख चर्चघंटा उतरवल्या, त्यातल्या दीड लाख गेल्या त्या गेल्याच.

उलटा प्रवास इटलीत रोव्हेरेतो गावात झालाय. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या एका पाद्र्याने, दोन्ही बाजूंनी लढलेल्या देशांकडून तोफांचं कासं मागून घेतलं आणि घंटा ओतवली. १९२५ साली ती पहिल्यांदा वाजली. ‘मारिया दोलेन्स’ तिचं नाव. दोनदा नव्याने ओतावी लागली. १९६० ला तडा गेला म्हणून आताची घंटा १९६४ ला ओतली, आणि १९६४ हेच आमच्या कारखान्याचंही साल. २२ टनांहून जड आहे. रोज संध्याकाळी १०० ठोके पडतात. दोन्हीकडच्या मेलेल्यांसाठी. वेगवेगळे मोजत नाहीत.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती ओक रिजची. अमेरिकेत टेनेसीत ओक रिज नावाचं गाव आहे. हिरोशिमाच्या बॉम्बला लागलेलं युरेनियम तिथे शुद्ध झालं. सगळं गावच त्या कामासाठी वसवलेलं, म्हणजे आमच्यासारखं वसाहतीचं गाव. कामगारांना माहीतही नव्हतं आपण काय बनवतोय. त्या गावाने जपानी पद्धतीची मैत्रीघंटा क्योतोत ओतवून घेतली आणि १९९६ साली गावात टांगली. चार टनांच्या आसपास. आत लोलक नसतो, बाहेरून लाकडी ओंडक्याने टोला द्यायचा. तिच्यावर पर्ल हार्बर, हिरोशिमा, नागासाकी या सगळ्यांच्या तारखा आहेत. गावातल्याच एकाने विरोधात दावा लावला की हे बौद्ध धर्माचं चिन्ह आहे. कोर्टाने तो फेटाळला.

त्या गावातल्या म्हाताऱ्यांना काय वाटत असेल ते मला इथे वरणगावात बसून कळतं. आपण केलेलं काम आपण टाकून देत नाही. पण ते जिथे जाऊन पडलं, त्या बाजूला एकदा तोंड करून उभं राहावंसं वाटतं.

ताई, झेंडा द्या.

अंजनीकाठ (एरंडोल)

मी जिजीच्या टाक्यावर अडकलेय. पुन्हा पुन्हा तेवढंच वाचलं.

माझी लेक इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहते, तिच्या बाळंतपणाला चार महिने होते. तिथे जुनं कॅथेड्रल आहे, म्हणजे त्याच्या नुसत्या भिंती. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहर जाळलं, साडेपाचशेवर माणसं गेली. वर छप्पर नाही, आत पाऊस पडतो, आणि तशातच लोक येऊन उभे राहतात. मी तान्ह्याला गाडीत घालून रोज तिकडे जायची.

छप्पर जळून पडलं तेव्हा राखेत जुने खिळे सापडले, शेकडो वर्षांपूर्वी लोहाराने हाताने ठोकलेले. वीतभर लांब. त्यातले तीन बांधून त्यांनी क्रॉस केला. ती तिथली खूण. तसेच खिळ्यांचे क्रॉस त्यांनी पुढे जर्मनीला पाठवले, बर्लिनला, ड्रेस्डेनला. ज्यांनी जाळलं त्यांनाच. वेदीमागच्या भिंतीवर दोनच शब्द कोरलेत, ‘पित्या, क्षमा कर’. तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी ‘त्यांना’ हा शब्द मुद्दाम घातला नाही. लेकीने हे समजावलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या भिंतीपुढे उभी होते.

आणि मास्तरांनी सह्यांचं लिहिलं म्हणून. युद्ध चालू असतानाच कॉव्हेंट्रीच्या ८३० बायकांनी एका मेजपोशावर आपापली नावं भरतकामाने काढून तो स्टालिनग्राडच्या बायकांना पाठवला. तो आजही तिकडच्या संग्रहालयात आहे. ते दोघे तेव्हा एकाच बाजूचे होते, म्हणजे तो समेट नव्हे, हे मला कळतं. पण ८३० जणींनी सुईत दोरा ओवला. भाषण पाठवलं नाही.

ड्रेस्डेनचंही सांगते, कारण सातमाळा भाऊ विचारतात की दुसरी बाजू काय देते. फेब्रुवारी १९४५ मध्ये इंग्रज आणि अमेरिकी विमानांनी ते शहर जाळलं. २५,००० पर्यंत माणसं मेली. फ्राउएनकिर्शे नावाचं मोठं चर्च दोन दिवस तापून खाली बसलं आणि पुढे चाळीसवर वर्षं दगडांचा ढीग म्हणून पडून राहिलं. नंतर ते जुनेच दगड शोधून, मोजून, पुन्हा बांधलं. कळसावरचा सोनेरी गोल आणि क्रॉस इंग्लंडमधल्या लोकांनी वर्गणी काढून दिला. तो घडवला लंडनचे सोनार ॲलन स्मिथ यांनी. त्यांचे वडील त्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकायला गेलेल्या विमानांपैकी एकाचे वैमानिक होते. बापाने वरून पाहिलेलं शहर, आणि मुलाने त्याचा कळस केला. २००४ साली तो वर चढवला. जुना क्रॉस ढिगाऱ्यात वाकडातिकडा सापडला होता, तो सरळ न करता तसाच आत ठेवलाय.

ताई, तुमच्या घरातही असंच झालंय बघा. आबांनी आणलं, आणि जिजीने शिवलं.

पाचोरा_पॅसेंजर

आपल्या सरकारनेही जपानला एक वस्तू दिली होती. वस्तू कसली, हत्तीण. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती युद्धात १९४३ साली उपाशी ठेवून मारले होते. युद्धानंतर तिथल्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली की आम्हाला हत्ती पाठवा. १९४९ मध्ये ‘इंदिरा’ नावाची हत्तीण गेली आणि १९८३ पर्यंत जगली. १९५२ ला भारताने जपानशी वेगळा शांतता करार केला आणि नुकसानभरपाई मागितली नाही.

गोदावरीचा (नाशिक)

सातमाळांनी नारोशंकराच्या घंटेचं नाव काढलं म्हणून आलो. लहानपणापासून ती बघतोय, पूर आला की पाणी घंटेपर्यंत चढलं का हेच आम्ही आधी विचारतो. आता ती आमची झालीय, हे खरं.

मराठा पलटणीवरून आठवलं. यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून गेले आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या नावाने २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने स्मारक उभारलं. पुतळा नाही, तोफ नाही, तर छायायंत्र, उन्हावर वेळ दाखवणारं घड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. ते ज्या मातीत लढले तिथल्या गावाला ऐंशी वर्षांनी त्यांच्यासाठी हे करावंसं वाटलं.

तुमच्या झेंड्यावरही सूर्यच आहे ताई.

कपाशीचं_बोंड (धरणगाव)

एक आपल्या काळातलं लिहितो. कारगिलमध्ये टायगर हिलवर पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे) लढत मेले. आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी प्रेत परत पाठवताना त्यांच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली, की हा माणूस फार शौर्याने लढला, त्याला त्याचं श्रेय मिळावं. पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर दिलं, तिकडचं सगळ्यात मोठं पदक. आपल्या लोकांवर गोळ्या झाडणाऱ्याच्या खिशातली ती चिठ्ठी. माझा मामा कारगिलला होता. त्याने ही गोष्ट आम्हाला सांगितली तेव्हा त्याचा आवाज अभिमानाने भरून आला होता.

सातमाळा (चाळीसगाव)

मास्तरांशी निरोपातून बोलणं झालं. तीन दिवस शोधलं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग तिथे भलतंच आहे, आमचं आडनाव एका अक्षराने चुकलंय, पण नंबर, पलटण आणि वडिलांचं नाव जुळलं. क्रांजीच्या भिंतीवर आहेत ते.

चुलत आजी नाही आता. तिची मुलगी आहे, माझी काकू लागते... नाही, आत्या, लिहिताना हात चुकतोय. तिचा बाप गेला तेव्हा ती पाच महिन्यांची होती. मी मोबाईलवर भिंतीचा फोटो मोठा करून दाखवला. तिला इंग्रजी येत नाही. म्हणाली, कोणतं अक्षर? मी बोट ठेवलं. मग तिने माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. पडदा सारखा सरकत होता, मी परत परत आणून देत होतो.

झेंड्याबद्दल मी आधी लिहिलं ते पुसत नाही. पण मी आता विरोधात नाही.

तापीकाठ (भुसावळ)

मंडळी, दोन महिने काही लिहिलं नाही त्याबद्दल क्षमा. सगळे प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवले. वरणगावकरांचा दोनदा वाचायला लावला. सातमाळा दादा, तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचला तेव्हा ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आखाजीला अमळनेरची आत्या आली होती. दरवर्षीसारखी आईने घागर भरली, वर डांगर ठेवलं, रस-पोळीचा नैवेद्य केला. जेवणं झाल्यावर मी झेंडा काढून आत्यापुढे ठेवला. वाटलं होतं ती दचकेल. ती म्हणाली, “हाई अजून से का?”

तिला माहीत होतं. म्हणजे काय आहे ते नाही, पण लहानपणी ती दर आखाजीला बघायची. जिजी सकाळी पेटी उघडायची, हे फडकं सोडायची, घडीभर दोरीवर सावलीत वाळत घालायची. जुना पाला काढून नवा घालायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. आबा त्या वेळी घरात नसायचे, मळ्यात जायचे. आणि घागरीच्या शेजारी त्या दिवशी एक लहान केळी भरलेली असायची, मातीची, पाण्याची. आत्याने एकदा विचारलं होतं की ही कोणाची. जिजी म्हणाली, “दूरना पाव्हना से.” मोठेपणी आत्याला वाटायचं की ते जिजीच्या माहेरचं कोणी असेल.

मी विचारलं, जिजीला कोणी सांगितलं असेल, आबांनी? आत्या म्हणाली, नवरा-बायकोचं बोलणं पोरांना कुठे ऐकू येतं. मग झेंड्यावरून हात फिरवत म्हणाली, “कोन्या मायना आंडोर (मुलगा) व्हई तो. ज्यानं से त्याले दी टाक.”

अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी बघितलं तर घागरीशेजारी स्टीलचा एक तांब्या भरून ठेवलेला होता. केळी आता कुठे मिळायची भुसावळात ऐन वेळी.

मास्तरांनी दिलेल्या पत्त्यावर मी ओबोन सोसायटीला लिहिलं. त्यांनी फोटो कसे काढायचे ते कळवलं, उजेडात, सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असे. ते काढले. झेंड्याखाली घालायला आत्याने जिजीची गोधडी दिली. सापडलं कसं, कोणाच्या घरी होतं, असं सगळं अर्जात लिहायचं होतं. आबांचं नाव, पलटण, सांगशाक लिहिलं.

पाठवण्याआधी अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, अजून एक ओळ टाक. मागे मलमलीचा तुकडा लावलाय तो माझ्या आईने लावलाय, त्यांना काढायचा असेल तर त्यांची वस्तू आहे, पण नाही उसवला तर बरं होईल.

तसंच लिहून काल रात्री पाठवलं.